चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडतो, तरी चांगलं शिकवता येईल का?

प्रश्न असा आहे: ‘यंदा बी.एड.ची सीईटी दिली आहे. शिक्षक व्हायची फार इच्छा आहे, पण मला छान बोलता येत नाही. चारचौघांत उभा राहिलो की घसा कोरडा पडतो. शिकवणं प्रेरणादायी आणि परिणामकारक नेमकं कशामुळे होतं? माझ्यासारख्याला जमेल का?’

आधी एक कबुली. मी स्वतः अजून शिक्षिका झालेले नाही. पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, १६ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा सध्या ११वा आठवडा चालू आहे. शाळा पर्वतीच्या पायथ्याजवळची, मराठी माध्यमाची. सहावीचा वर्ग, पटावर ३८ मुलं, विषय गणित. त्यामुळे हे उत्तर तीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं नाही. नुकतंच तोंडावर आपटून उठलेल्या मुलीचं आहे, त्या हिशेबाने वाचा.

छान बोलणं आणि छान शिकवणं या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, आणि पुण्यात तर जरा जास्तच. या गावात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेल्या मुलीला नातेवाईक सर्रास ‘ही मोठी होऊन मास्तरीण होणार’ म्हणतात. मला म्हणायचे. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, हातवारे जागच्या जागी. बी.एड.ला मी याच भांडवलावर आले.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. तुम्हालाही करावं लागेल, म्हणून सांगते. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, कधी प्रश्न कौशल्य, कधी प्रबलन (म्हणजे शाबासकी देऊन मुलांना प्रोत्साहन देणं), कधी फलकलेखन, आणि सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा. मग सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला यावर अभिप्राय, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, परत सहा मिनिटं पाठ, परत सहा मिनिटं प्रत्याभरण. ३६ मिनिटांचं एक चक्र. कल्पना चांगली आहे, फलकलेखन मी तिथेच शिकले. गोम एवढीच की विद्यार्थी म्हणून समोर आपल्याच वर्गमैत्रिणी बसलेल्या असतात आणि त्या कधीच चुकत नाहीत. प्रश्न विचारला की पाच हात वर, पाचही उत्तरं बरोबर. आपण ‘शाब्बास!’ म्हणायचं की प्रबलन कौशल्याचे गुण पदरात. अशा वर्गात मी हिरॉईन होते.

खऱ्या वर्गातला माझा पहिला मोठा पाठ होता दशांश अपूर्णांकांची तुलना. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट, स्केचपेन, चिकटपट्टी आणली, दोन रात्री जागून दशांशांची भली मोठी सापशिडी केली. पाठ निरीक्षणाला कॉलेजच्या प्राध्यापक येणार होत्या. मुलं खूश, वर्गात नुसता कल्ला, फासे पडतायत, साप गिळतायत. निरीक्षण वहीत शेरा आला: ‘उत्तम पाठ. आवाजातील चढउतार छान. शैक्षणिक साधनाचा प्रभावी वापर.’ मी तरंगतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक शिक्षिका (सगळी शाळा त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते, मीही तेच म्हणते) वर्गात आल्या, फळ्यावर ०.५ आणि ०.३५ लिहिलं आणि मुलांना म्हणाल्या, ‘मोठा कोणता? बोलू नका, वहीत लिहा.’ वह्या मला बघायला लावल्या. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं होतं, ०.३५.

मी बाईंना म्हटलं, ‘अहो बाई, पण काल तर सगळे हो म्हणत होते!’

‘हो म्हणत होते गं. तू इतक्या उत्साहाने विचारत होतीस की नाही कोण म्हणणार?’

इथे जरा मागचं सांगते. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी एका क्लासमध्ये पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सराव चाचण्या तपासायचे. शेकड्याने. ४०२ वजा १६८ असं गणित असलं की ठरलेलं चुकीचं उत्तर यायचं, ३६६. मी लाल पेनने फुली मारायचे आणि पुढे जायचे. दोन वर्षांत एकदाही मला प्रश्न पडला नाही की इतकी वेगवेगळी पोरं, वेगवेगळ्या शाळांतली, सगळी चुकून ३६६ वरच कशी येतात? उत्तर साधं आहे. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. आठातून दोन गेले सहा, सहातून शून्य गेलं सहा, चारातून एक गेला तीन. मुलाने नियमच पाळलाय, फक्त नियम चुकीचा आहे. आणि गंमत म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर पर्यायांत ३६६ हमखास बसवलेलं असतं. मुलाच्या डोक्यात काय चाललंय याची माहिती सापळा लावायला वापरली जात होती, आणि मी फुल्या मारत बसले होते.

०.३५ चंही तसंच. पस्तीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा. सहा वर्षं पूर्ण संख्यांचे नियम घोटून घेतलेल्या मुलाने दुसरं काय म्हणावं? आणि यात माझाही हात होता, तो बाईंनी दाखवला. आदल्या दिवशीच्या पाठात मी हा आकडा सतत ‘शून्य पॉइंट पस्तीस’ असा वाचत होते. कानावर पस्तीस पडलं की डोळ्यांसमोर पस्तीसच येणार. ‘शून्य पॉइंट तीन पाच’ म्हणायला हवं होतं, किंवा सरळ पस्तीस शतांश. वक्तृत्वाच्या ढाली घेतलेली मी, आणि नेमकं बोलण्यातच घोटाळा.

बाईंकडे एक वही आहे. साधी दोनशे पानी, खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले. त्यात त्या मुलांची चुकीची उत्तरं लिहून ठेवतात, मुलांच्याच शब्दांत. धडा, वर्ष आणि खाली मूल काय म्हणालं ते. ‘चौरस तिरका केला की त्याचा पतंग होतो, मग तो चौरस राहत नाही.’ ‘शून्याने गुणलं तर काहीच केलं नाही ना, मग आहे तीच संख्या राहील.’ कुठेही नाव नाही, टिंगल नाही. धडा शिकवायच्या आधी त्या मागच्या वर्षांची पानं चाळतात आणि कुठे थांबायचं ते तिथून ठरवतात. टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, आम्हीही काढतो, पण माझ्या टाचणात ‘शिक्षक कृती’चा रकाना ओसंडून वाहायचा आणि ‘विद्यार्थी प्रतिसाद’ या रकान्यात मी स्वतःच घरी बसून बरोबर उत्तरं लिहायचे. मुलांची उत्तरं, मुलांना भेटायच्या आधी!

तर तुमच्या प्रश्नातल्या ‘परिणामकारक’ या शब्दाचं माझं आजचं उत्तर हे आहे: चुकीचं उत्तर आलं की त्यामागचा नियम शोधणं. सध्या माझी सगळी धडपड तेवढ्यासाठीच चाललीय.

आता दुसरा पाठ. तोच घटक मी पुन्हा घेतला. या वेळी बाईंची अट होती की प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गातल्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. आमच्या बाईंनी हे नाव ऐकलेलं नाही. त्या आपल्या मागच्या बाकावर बसून बोटं मोजत होत्या.

तीन सेकंद म्हणजे किती मोठा वेळ असतो, ते फळ्यासमोर उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं, ‘०.५ आणि ०.३५, मोठा कोणता आणि का?’ एक. पंख्याचा खडखडाट. दोन. बाहेर रिक्षा रिव्हर्स घेतेय. तीन. अजून कोणी बोलेना. चार. आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, जो तोवर माझ्याशी ‘हजर’ सोडून फारसं काही बोललेला नव्हता, म्हणाला, ‘मॅडम, काट्यावर अर्धा किलो असा दिसतो.’

मला कळेना. ‘कुठल्या काट्यावर?’

त्याची आई मंडईत भाजी विकते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर अर्धा किलो ठेवलं की ०.५०० दिसतं, पावशेरला ०.२५०. ‘मग ०.३५ म्हणजे साडेतीनशे ग्रॅम,’ तो म्हणाला, ‘अर्ध्या किलोपेक्षा कमीच की.’

मी गप्प बसून त्यालाच खडू दिला. त्याने फळ्यावर काटा काढला, चौकोनात आकडे लिहिले आणि पुढची दहा मिनिटं गवार, भेंडी, लसूण असं सगळं वर्गात तोललं गेलं. मुलांनी त्यालाच प्रश्न विचारले. एकीने विचारलं, ‘मग ०.०५ म्हणजे?’ तो क्षणभर थांबला, म्हणाला, ‘पन्नास ग्रॅम. आलं घेतात तेवढं.’ त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला तुमच्या प्रश्नातला ‘प्रेरणादायी’ हा शब्द लावायला माझी हरकत नाही. पण ती प्रेरणा माझ्या बोलण्यातून आली नव्हती. त्याला जमलं, आणि जमलेलं चारजणांनी पाहिलं, त्यातून आली.

या पाठाला शेरा मिळाला, ‘हेतुकथन उशिरा. वेळेचे नियोजन नाही. मूल्यमापनास वेळ उरला नाही.’ (हेतुकथन म्हणजे आज काय शिकायचं ते मुलांना सांगणं.) शेरा चुकीचा नाही, खरंच घंटा झाली होती.

मधल्या सुट्टीत मी बाईंकडे अपेक्षेने बघितलं. त्या डबा उघडत म्हणाल्या, ‘छान झालं. पण काट्यावर कायम तीन आकडे असतात म्हणून जमलं त्यांना. शून्यं लावून समान करायची युक्ती मिळालीय, दशांश म्हणजे काय ते अजून मिळालेलं नाही. उद्या कागदाच्या पट्ट्या आण.’ मग दुसऱ्या दिवशी पट्टीचे दहा भाग, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा, असं घडी घालून, रेघा मारून केलं. त्यात काही नाट्य नाही, कंटाळवाणंच होतं खरं तर. पण त्या आठवड्याच्या शेवटी वहीतल्या प्रश्नात चूक करणारी मुलं चारच उरली, आणि त्यातल्या दोघांची चूक वेगळ्याच प्रकारची निघाली. ती मी माझ्या वहीत लिहिली. हो, मीही वही घातलीय. सात पानं भरलीत.

प्रेरणेबद्दल एक गोष्ट राहवत नाही म्हणून. पुण्यात शिक्षणाचा विषय निघाला की सावित्रीबाईंचं नाव येतंच, यायलाच हवं. १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा, अंगावर पडलेलं शेण आणि चिखल, हे आपण भाषणांत ऐकत मोठे झालो. त्यांनी शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे मात्र भाषणात क्वचित येतं. ३ जानेवारीला वर्षानुवर्षं मी स्वतः भाषण ठोकायचे तेव्हा माझ्याही भाषणात ते नव्हतं, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

व्यवहाराचं थोडक्यात. सहावी ते आठवीला शिकवायचं तर बी.एड. बरोबर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागेल, १५० गुणांची असते, खुल्या गटाला ९० हवेत. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी, अर्ज पवित्र पोर्टल या सरकारी भरती संकेतस्थळावरून. वाट बघायची तयारी ठेवा. माझ्या आधीच्या बॅचच्या कित्येक जणी खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि कॉलेज निवडताना इमारत बघू नका. तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा की इंटर्नशिपला मार्गदर्शक शिक्षक मागे बसून खरंच पाठ बघतात, की तास तुमच्या गळ्यात मारून स्टाफरूममध्ये जातात.

राहिला तुमचा घसा. माझा पूर्वी कधी कोरडा पडायचा नाही, आता पडतो, कारण आता मुलं काय म्हणतील ते मला आधीपासून माहीत नसतं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवते. प्रश्न विचारते, झाकण उघडते, एक घोट घेते, झाकण लावते. तेवढ्यात तीन सेकंद होतात.