बायपासमध्ये लावलेली पायाची शीर पुन्हा का बंद पडते?

पायातली शीर मुळात कमी दाबाच्या रक्तासाठी असते. हृदयावर जोडली की तिच्यावर एकदम धमनीचा दाब येतो. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुधा आत गुठळी झालेली असते. वर्षभरात आतलं अस्तर जाड होतं, मग चरबी साचते. 10 वर्षांत अशा साधारण निम्म्या शिरा बंद पडतात. छातीतून घेतलेली लिमा धमनी मात्र तेवढ्या काळानंतरही 90 टक्क्यांच्या आसपास रुग्णांत चालू असते, म्हणून सर्जन शक्यतो तीच एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीला, जोडतात.

गुठळी टाळणारं ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून बंद करू नका, अगदी कळकळीने सांगतो. तंबाखू, मिश्रीसुद्धा, सोडाच. चालताना छाती पुन्हा भरून आली तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका.