विसार घेण्याआधी विचारा, तेल ‘लागलं’ म्हणजे नेमकं काय लागलं?

बागेची जमीन विकायचा विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, एजंटाकडून घ्यावा का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. देवगडकडची वडिलोपार्जित कलमं, पेपरात ‘कोकणच्या समुद्रात तेल’ अशी बातमी आणि आठ दिवसांत दारात एजंट: ‘समुद्रातलं तेल उतरवायचं टर्मिनल येतंय, आत्ताच विसार घ्या, नंतर कवडीमोलानं जाईल.’ दहा वर्षांपूर्वी आमच्या पडवीत बसून एकानं हेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा बदललेले नाहीत.

सातबारा, सहहिस्सेदारांच्या सह्या हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, भूगर्भातलंही शिक्षण नाही. माझा चुलतभाऊ तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर असतो, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जे कळलं ते त्याच्याकडून, आणि तेही विसार घेऊन झाल्यावर.

गणपतीत तो आला तेव्हा मी कौतुकानं बातमीचं कात्रण दाखवलं. त्यानं एवढंच विचारलं, “दादा, टेस्ट झाली काय?” मला प्रश्नच समजला नाही. मग त्यानं सांगितलं. विहीर खोदताना आत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाबरोबर (मड) दगडाचा चुरा वर येतो. तो धुऊन, चिमूटभर घेऊन अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतात. तेलाचा अंश असला तर चुरा पिवळट, कधी निळसर चमकतो. याला ते ‘शो’ म्हणतात. असा शो मिळालेल्या कितीतरी विहिरी पुढे सिमेंट भरून बंद करतात. टेस्ट ही त्यानंतरची गोष्ट: तेल किंवा वायू खरोखर वाहतो का आणि दिवसाला किती. वाहिला तरी साठा कुठवर पसरलाय हे बघायला आजूबाजूला आणखी विहिरी खोदाव्या लागतात. मग परवडतं का याचा हिशोब. बातमीत या सगळ्याला एकच शब्द असतो, ‘सापडलं’.

साठ्याच्या आकड्याचंही तसंच. बहुतेक वेळा तो खडकात असलेल्या एकूण तेलाचा असतो. त्यातलं बाहेर काढता येतं ते बहुतेक ठिकाणी निम्म्याहूनही बरंच कमी.

आता टर्मिनलचं. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात ‘सागर सम्राट’ रिगनं फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ते क्षेत्र मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. सुरुवातीला तेल टँकरनं नेत, मग नळ टाकून उरणला आणलं. म्हणजे तेल किनाऱ्यावर कुठे उतरणार हे नळ, बंदर आणि आधीचे कारखाने ठरवतात. विहिरीच्या समोर कोणाचं गाव आहे, याला काही किंमत नाही. आपल्याकडे तर समुद्राखाली जो उंचवटा आहे त्याला वेंगुर्ल्याचंच नाव आहे. त्याच्या उत्तरेला मुंबईचं खोरं (समुद्राखालचा गाळाच्या खडकांचा खोलगट भाग), दक्षिणेला केरळ-कोकण खोरं, आणि त्या दक्षिणेच्या खोऱ्यातून अजून व्यापारी उत्पादन झालेलं नाही. तिथले बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचे, थर तपासणीसाठी सोडलेल्या भूकंपलहरी विखरून टाकतात, त्यामुळे खालचं चित्र धूसर येतं आणि खोल विहीर खोदल्याशिवाय खात्री होत नाही.

एजंट ‘तुमच्या कातळाखालीही तेल आहे’ म्हणाला असेल तर त्याला सरळ वाटेला लावा. कोयनेजवळ गोठणे इथं भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. तेल धरणारा गाळाचा खडक मध्ये नाहीच. शिवाय जमिनीखालचं तेल सातबाऱ्यावरच्या मालकाचं नसतं, आणि खोल समुद्रातलं तर केंद्राचं.

आता माझी चूक. शंभरच्या स्टँपवर विसार पावती, पन्नास हजार रुपये. त्यात ओळ होती: ‘उर्वरित व्यवहार योग्य वेळी पूर्ण करण्यात येईल.’ योग्य वेळी! तारीख नाही, मुदत नाही. मी ती ओळ वाचली होती आणि तरी सही केली. वर्षभरात समुद्रातली विहीर बंद झाल्याचं भावाकडून कळलं. एजंट ना पुढचे पैसे देई, ना पावती परत करी. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यानं पेपरात जाहीर नोटीस दिली. गिऱ्हाईक पळालं, बँकेनं कर्ज अडवलं. तीन हंगाम गेले. आईच्या ऑपरेशनला बांगड्या मोडल्या. नंतर वकिलानं समजावलं की करारात तारीख असेल तर करार पुरा करून मागायच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात, नसेल तर आपण नकार दिल्याचं समोरच्याला कळल्यापासून. आम्ही लेखी नकार दिलाच नव्हता, म्हणून टांगती तलवार तशीच राहिली.

त्यातच एका सरकारी कचेरीचा ताप. विहिरीचा निकाल काय, कुठलं टर्मिनल मंजूर आहे का, असा माहिती अधिकारात अर्ज केला. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर: ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.’ कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम होतं. पाठवला नाही. वर तिथला माणूस म्हणाला, “तेल लागलं तर तुमचंच भलं होईल ना?” आजही आठवलं की हात थरथरतात. तुम्ही अर्ज करणार असाल तर थेट पेट्रोलियम मंत्रालयाकडे किंवा तेल-वायूच्या शोधावर देखरेख ठेवणाऱ्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे करा. निकाल व्यापारी गुपित म्हणून नाकारतील कदाचित, पण तुमच्या गावात टर्मिनलचा मंजूर प्रस्ताव आहे का हा प्रश्न वेगळा विचारा.

माझं मत, पटलं तर घ्या: विसार घेऊ नका. घेतलाच असेल तर पैसे खर्च करू नका, आणि व्यवहार पुरा करायची मुदत घालून देणारी नोटीस वकिलाकडून पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. पोचपावती सातबाऱ्यासोबत जपून ठेवा. आणि फवारणी थांबवू नका. ‘जागा जाणारच’ म्हणून आम्ही एक वर्ष बागेकडे बघितलं नाही, तुडतुड्यांनी सगळा मोहोर काळा केला. तीन कलमं अजून सावरलेली नाहीत.

पावतीचा फोटो नावं झाकून इथं टाका. मुदतीची ओळ तेवढी स्पष्ट दिसू द्या. मी आज रात्री बघतो.