अंगावरचं कापड, डोक्यावरचं कापड

प्रश्न : मी ड्रेस डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘फॅशन आणि तात्पुरती वास्तू यांतलं साम्य’ असा प्रकल्प मिळालाय. जिथे वाचावं तिथे तेच : दोन्ही थोड्या काळासाठी असतात, दोन्ही शरीराला आडोसा देतात. यापलीकडे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते कटिंग टेबलावर आहे. मी आधी कपड्यांचे पॅटर्न काढायचे, आता ताणलेल्या कापडी छतांचे काढते. डोकेदुखी तीच : कापड सपाट आणि हवा असलेला आकार वळणांचा. तुम्ही टक्स घेता, म्हणजे कापडाला चिमटे घालून वळण देता. आम्ही लांब पट्ट्या कापून जोडतो. घुमटाच्या पट्ट्या मधे फुगीर असतात. खोगिरासारख्या छताच्या मात्र कमरेत आवळलेल्या. पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप दिलेलं पॉलिएस्टर असेल तर जोड शिवत नाहीत, तापवून चिकटवतात, कारण सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. कडेला मात्र चक्क नेफा! आत नाडीऐवजी पोलादी केबल.

फरक पडतो तो मापात. कपड्याला तुम्ही लूजिंग ठेवता. छत सैल राहिलं तर वाऱ्यात फडफडून फाटतं. म्हणून पॅटर्न मुद्दाम किंचित लहान कापायचा आणि जागेवर ताणून मापात आणायचा. किती लहान, हे उभ्या आणि आडव्या धाग्याला वेगवेगळं निघतं. त्यासाठी त्याच ताग्याचा तुकडा आधी दोन्हीकडून ताणून बघतात. फ्राय ऑटो यांनी, म्हणजे माँट्रियलच्या 1967च्या प्रदर्शनातलं जर्मन दालन उभारणाऱ्या वास्तुविशारदांनी, असे आकार साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चौकटींवर ताणल्या जाणाऱ्या पातळ पडद्यात शोधले होते.

उदाहरण हवं असेल तर फॅशन डिझायनर हुसेन चलायन यांचा 2000चा शरद-हिवाळी संग्रह घ्या. खुर्च्यांची कव्हरं काढून मॉडेल्सनी अंगात घातली. एक जण गोल लाकडी टेबलाच्या मध्यात शिरली, टेबल कमरेपर्यंत ओढलं आणि त्याचा स्कर्ट झाला. विषय होता युद्धात घर सोडून जाण्याचा, त्यामुळे ही नुसती करामत राहत नाही. वास्तुविशारद झाहा हदीद यांचं शनेल या फॅशन कंपनीसाठीचं फिरतं दालन (2008) तुम्हाला सगळे सुचवतील. ते हाँगकाँग, टोकियो, न्यूयॉर्क असं फिरलं, दिसतंही देखणं; पण प्रेरणा हँडबॅगची. आकाराची अशी उसनवारी मला साम्य वाटत नाही.

प्रश्न : चार महिन्यांसाठी इमारत उभारायची आणि मोडायची, हा फास्ट फॅशनसारखाच कचरा नाही का?

उत्तर : पुष्कळदा आहेच. हानोव्हरच्या 2000च्या जागतिक प्रदर्शनात वास्तुविशारद शिगेरू बान यांनी जपानचं दालन कागदी नळ्यांचं केलं, तेही मोडण्यापासून उलटा विचार करत : पायाला काँक्रीट नको म्हणून वाळू भरलेल्या पेट्या, छताला कागदाचा पडदा. पण तिथल्या नियमांमुळे त्या कागदावर पीव्हीसीचा थर चढवावा लागला. माझ्या छतांचंही दुखणं तेच. लेप आणि धागा एकमेकांना इतके चिकटलेले असतात की वेगळे करणं अवघड, जसं कॉटन-पॉलिएस्टर मिश्र कापडाचं होतं. मोडताना केबल, खांब, नटबोल्ट पुन्हा वापरता येतात. अडतं ते कापडच.

प्रश्न : शिवणकाम येतं, इमारतीतलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जुन्या नायलॉन स्टॉकिंगपासून. तारेची वाकडीतिकडी चौकट करा, त्यावर तो ताणून टाचा, आणि वरून पेनाने पट्ट्या आखा. मग आखलेल्या पट्ट्या न ताणणाऱ्या कापडातून कापून त्याच चौकटीवर जोडा. सुरकुती जिथे पडेल तिथली पट्टी पुन्हा काढायची.