सड्यावरची पाणफुलं आणि तुमचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की माझ्या घरी गोगलगायी येतात आणि फोनवर फोटो. बहुतेक फोटोंत सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, हिरव्यावर एक निळसर ठिपका असतो आणि खाली ओळ असते, ‘सर, हे काय?’ तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

आमच्या तळ्यातली कमळं टिपायला सकाळी दहाला गेलो, तर सगळी मिटलेली. असं का? (गुहागर)

ती कमळं नव्हेत, कुमुदं. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि पाण्याच्या वर उभं राहतं. कुमुदाचं पान पाण्यावर टेकलेलं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं. तुमच्या तळ्यातली जात रात्री उमलणारी दिसते. उजाडताच जा.

पाण्यावर आभाळाची चकाकी येते, आत काहीच दिसत नाही. महागडा फिल्टर घ्यावा का? (मालवण)

आधी घरातली काळी छत्री घ्या. सोबत्याला ती फुलाच्या पलीकडे तिरकी धरायला सांगा, म्हणजे पाण्यात आभाळाऐवजी छत्रीचं काळं प्रतिबिंब पडेल आणि बुडालेलं पान दिसू लागेल. तेवढ्यानं भागलं नाही तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घ्या. पण तो सरळ वरून धरलात तर फुकट. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन झाला की त्याचं काम सर्वांत चांगलं होतं. फिल्टरमुळे प्रकाश कमी होतो, म्हणून हात टेकवायला काहीतरी हवं. फोटोत पांढऱ्या पाकळ्या जळतात, नुसता पांढरा डाग उरतो, तेव्हा एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) थोडं खाली ओढा. दुकानदार ‘पाणवनस्पतींचं खास किट’ म्हणून काही गळ्यात मारत असेल, तर तसं काही नसतं.

सड्यावरच्या पांढऱ्या गोंड्याचा फोटो सोबत जोडला आहे. जात सांगा. (लांजा)

नाही सांगता येत. तो गेंद आहे एवढं नक्की. आपल्या कातळांवर गेंदाच्या अनेक जाती शेजारी शेजारी वाढतात, आणि त्या ओळखायला गोंड्यातली इवलीशी फुलं सुटी करून भिंगाखाली पाहावी लागतात, बीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली. लांबून काढलेल्या सुंदर फोटोवर कोणी छातीठोकपणे जात सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. चार फोटो हवेत: आजूबाजूच्या पाण्यासकट अख्खी जागा, बुंध्याजवळची पानं, गोंडा वरून आणि गोंडा खालून. शेजारी मोजपट्टी ठेवा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात जा, किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाशी संपर्क साधा. नमुना लागेल की नाही, आणि लागला तर परवानगी कोणाची, हे तेच ठरवतील. तुम्ही उपटून नेऊ नका. आणि जुलैचा फोटो जानेवारीत पाठवू नका. तोवर तिथे करपलेलं गवत उरलेलं असतं, मी परत जाऊन काय बघणार?

सीतेची आसवं कीटक खातात असं ऐकलं. मुलांनी हात लावला तर? (चिपळूण)

मुलांना काही होणार नाही, फुलाला होईल. त्या निळ्या पाकळ्या काहीच पकडत नाहीत. सापळे खाली ओल्या मातीत असतात, मोहरीहूनही बारीक पिशव्या. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आत ओढला जातो. हे तुमच्या कॅमेऱ्यात येणार नाही, त्यामुळे उकरून बघायचा मोह टाळा. चिकट थेंबांची ती लालसर वनस्पती वेगळी, ती दवबिंदू. तिनं ‘बोट धरून ठेवलं’ हा व्हिडिओ मलाही सात जणांनी पाठवला आहे. आठव्यानं पाठवू नये.

एका टूरवाल्यानं पाच दुर्मीळ वनस्पती नक्की दाखवण्याची हमी दिली आहे. जावं का? (मुंबई)

नको. रानात हमी फक्त उपटून आणून लावलेल्या झाडाचीच देता येते. एका वाटाड्यानं दवबिंदूचे गड्डे मातीसकट काढून गाडीरस्त्याकडेच्या डबक्यात मांडून ठेवलेले मी पाहिले आहेत. पाहुणे खूश होते.

दुर्मीळ वनस्पती सापडली तर फोटोबरोबर नेमकं ठिकाण टाकावं की लपवावं? (राजापूर)

इथे जरा लांबेन.

लोकांसमोर टाकू नका. सड्यावरचं पाणी म्हणजे जांभ्याच्या खळग्यात साठलेली वीतभर खोल डबकी, त्यांच्या कडेला बोटभर माती. सगळी वसाहत कधीकधी एका घोंगडीत मावेल एवढी. तिथे दहा जण गुडघे टेकून बसले की संपलं. पूर्वी एका व्याख्यानात मी अशाच एका डबक्याचा पत्ता कौतुकानं सांगितला होता. पुढच्या पावसात गेलो तर काठ तुडवलेला आणि कंद काढल्याचे खड्डे. वायतुरा ह्या पाणवनस्पतीच्या कुळातले कंद आणि क्रिप्टोकोराइन ह्या दुसऱ्या पाणवनस्पतीची रोपं मत्स्यालयांसाठी विकली जातात, हे तेव्हा मला माहीत होतं. तरी जीभ सैल सुटली.

पत्ता फक्त शब्दांतून फुटत नाही. फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते गळतात, पण ‘चांगली क्वालिटी हवी’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलात की जसेच्या तसे पोचतात. मागे देवळाचं शिखर किंवा मोबाइलचा टॉवर आला तर गावकऱ्याला दोन मिनिटं पुरतात. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा.

पण लपवून गप्प बसणं हा दुसरा अपराध, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा किंवा पडीक. उद्या तिथे चिरेखाण निघाली, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले, किंवा एखादा प्रकल्प आला, तर ‘इथे काहीच नव्हतं’ असं कागद म्हणतो. तुमचा अप्रतिम फोटो तेव्हा हार्ड डिस्कमध्ये झोपलेला असतो. ह्याच सड्यांवरच्या कातळशिल्पांचं बघा. लोकांनी पायपीट करून नोंदी केल्या, म्हणून २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत पोचली. गेंदाला आणि दीपकाडीसारख्या सड्यावरच्या फुलांना अशा नोंदी कोण देणार? म्हणून नेमकं ठिकाण, तारीख आणि फोटो ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ही समिती आहे, आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणं तिचं काम आहे. समिती कागदावरच असेल तर सरपंचांना विचारा, ती कुठे आहे म्हणून. त्याआधी एखाद्या जाणत्या वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पक्की करून घ्या, नाहीतर चुकीच्या नावाचा कागद खऱ्या कागदांनाही बुडवतो. आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नका. जेसीबी दिवाळीनंतर कधीही येतो.

पाण्यात उतरायला भीती वाटते. साप, लेप्टोचा ताप वगैरे? (कुडाळ)

वाटायलाच हवी. सड्यावर फुरसं असतं आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं. पोटावर झोपून फोटो काढण्याआधी काठीनं जागा आपटून घ्या. सुट्या चिऱ्याखाली हात घालू नका. चावलंच तर मांत्रिक, पाला, ब्लेड काही नको, थेट सरकारी रुग्णालय. पायाला जखम असेल तर भातखाचरात आणि डबक्यात उतरायचं नाही, गमबूट घातले तरी. चार दिवसांनी ताप आला तर ‘मी पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. आगाऊ गोळी खाल्ली की झालं, असं सांगणारे मित्र डॉक्टर नसतात.

पांढऱ्या चिप्पीचं (खाडीकाठच्या खारफुटी झाडाचं) फूल उमललेलं कधीच मिळत नाही. (रत्नागिरी)

संध्याकाळनंतर जा. सकाळपर्यंत पुंकेसर गळून चिखलात पडतात. २०२० साली हिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष केला, पण वेळापत्रक तिनं आपलंच ठेवलं आहे. भरतीची वेळ गावच्या कोळ्याला विचारा आणि खाजणात एकटे जाऊ नका.

व्हाळात (ओढ्यात) क्रिप्टोकोराइन आहे म्हणतात, पण फूल दिसत नाही. (सावंतवाडी)

पानांच्या बुडाशी बघा. फूल म्हणजे चिखलातून वर आलेली पिळदार नळी, पटकन सुकलेलं पान वाटतं. पाऊस ओसरून व्हाळाचं पाणी उतरेपर्यंत ती येत नाही, त्यामुळे आत्ता गढूळ पाण्यात हात घालून चाचपू नका. दिवाळीच्या सुमारास जा, आणि व्हाळ ज्याच्या वाडीतून जातो त्याला आधी हाक मारा.