वाचकांचे प्रश्न : पंपाआधी एलईडी

प्रश्न : केळीच्या बागेतला ठिबकचा पंप मातीच्या ओलीप्रमाणे आपोआप चालू-बंद करायचा आहे. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड), मातीची ओल मोजणारा सेन्सर आणि रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणले. प्रोग्रॅमिंग मात्र कधी केलेले नाही. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, रावेर

उत्तर : रिले तूर्त पाकिटातच राहू द्या. पंपाच्या जागी एलईडी लावा : ८ नंबरच्या पिनमधून २२० ओहमचा रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय ग्राउंडला. प्रोग्रॅम चुकला तर दिवा चुकीचा लागेल, मोटर जळणार नाही.

आधी आर्डुइनो आयडीईमधले (संगणकावर प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवण्याचे सॉफ्टवेअर) ‘ब्लिंक’ हे तयार उदाहरण चढवा. त्यातला १००० (मिलिसेकंद) चा आकडा २०० करून पुन्हा चढवा. बोर्डावरच्या दिव्याची लुकलुक वाढली, म्हणजे केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक आहेत.

मग सेन्सर ए-झिरो पिनला जोडा आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी आयडीईतली खिडकी) ९६०० च्या वेगाने आकडे पाहा. सेन्सर कपॅसिटिव्ह हवा. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर वीजप्रवाहाने गंजतो आणि आकडे भलतीकडे जातात. कपॅसिटिव्हमध्ये माती सुकली की आकडा चढतो, ओली झाली की उतरतो. पट्टीवरच्या रेघेपर्यंतच तो मातीत खोचा, वरचे सुटे भाग पाण्यापासून जपा. इंटरनेटवरचे आकडे उतरवून घेऊ नका. तापीकाठच्या काळ्या मातीतले आणि मुरमाड वावरातले आकडे सारखे येत नाहीत. आपल्याच वाफ्यात, पाणी देण्याआधी आणि दिल्यानंतर, दोन्ही वेळी नोंद करा.

समजा, सुक्या मातीत ५०० आणि ओलीत ४०० आले. मग ४८० च्या वर चालू, ४२० च्या खाली बंद, आणि मधे असेल तर आहे तसेच राहू द्यायचे. एकच मर्यादा ठेवली तर आकडा तिच्या आसपास घुटमळतो आणि रिले टकटक करत राहतो. दहा वाचनांची सरासरी घेतली की आकडाही स्थिरावतो.

आता खरी मेख वेळेची. पंप ठरावीक वेळ, समजा पंधरा मिनिटे, चालवायचा आहे. ‘डिले’ (थांबून राहा) ही आज्ञा लावून तेवढा वेळ थांबवलेला बोर्ड सेन्सरही वाचत नाही नि बटण लावले असेल तर तेही पाहत नाही. त्यापेक्षा ‘मिलिस’ने, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेने, वेळ मोजा. पण १५ * ६० * १००० असे साधे लिहिलेत तर उनोचा पूर्णांक १६ बिटांचा असल्याने ३२७६७ च्या पुढे उलटतो. ते उणे उत्तर ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये (उणे नसलेले मोठे आकडे ठेवण्याचा प्रकार) शिरले की पंधरा मिनिटांचे जवळपास ५० दिवस होतात! पहिल्या १५ ला यूएल (अनसाइन्ड लाँग) ही अक्षरे चिकटवा, प्रश्न मिटतो. तयार कोडमध्ये आकडे बदलणारे बहुतेक जण इथेच अडकतात, कारण आयडीई फार तर एक इशारा देतो, प्रोग्रॅम मात्र चढतोच.

आठवडाभर एलईडी बरोबर वागला की रिलेकडे वळा. बरेच मॉड्यूल पिनवर ‘लो’ (शून्य व्होल्ट) मिळाल्यावर चालू होतात. म्हणून ‘सेटअप’मध्ये (प्रोग्रॅमचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) आधी पिन ‘हाय’ करा आणि नंतर ‘आउटपुट’ ठरवा, नाहीतर लाइट आली की क्षणभर रिले ओढतो. मोटर थेट या रिलेवर कधीही नको. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते, मॉड्यूलच्या रिलेची मर्यादा २५० व्होल्ट. मधे योग्य कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्टचा मोठा विजेवर चालणारा स्विच) हवा, आणि ते काम जाणत्या वायरमनचे. स्टार्टरमधले ओव्हरलोड आणि सिंगल-फेज संरक्षण मात्र काढू नका.

प्रश्न : आर्डुइनो नॅनो बोर्डावर प्रोग्रॅम चढत नाही, ‘नॉट इन सिंक’ असा त्रुटीचा संदेश येतो.
– एक वाचक, धुळे

उत्तर : आधी केबल बदला, मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. पोर्टच दिसत नसेल तर सीएच३४० (बोर्डावरची यूएसबी चिप) चा ड्रायव्हर टाका. पोर्ट दिसतो पण चढत नाही, तर आयडीईतल्या ‘प्रोसेसर’ यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. झिरो-वन पिनला काही जोडले असेल तर चढवताना काढा.

प्रश्न : डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर कधी ८५, कधी उणे १२७ अंश दाखवतो.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : भुसावळचा उन्हाळाही इतका नसतो! ८५ म्हणजे मोजणी पुरी होण्याआधीच वाचले. १२ बिटांच्या (सर्वांत बारीक) मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात. उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही : डेटा आणि पाच व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते पाहा, मग वायरचे सांधे.