मेंबरशिपचं नंतर बघू, आधी तो इन्शुरन्सचा प्रपोजल फॉर्म काढा

एका ताईंचं पत्र आलंय. त्या ४१ च्या, मिस्टर ४५ चे, दोन मुलं शाळेत. विचारतात की घराजवळच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडेच राहायचं की एका मोठ्या हॉस्पिटलची वर्षाला २४,००० ची फॅमिली मेंबरशिप घ्यायची? मेंबरशिपमध्ये अनलिमिटेड कन्सल्टेशन, चौघांचं एकेक चेकअप आणि टेस्टवर १५ टक्के सूट आहे. आणि मग पत्राच्या अगदी शेवटी हे: "मिस्टरांना सात वर्षांपासून शुगर आहे, पण दोन वर्षांपूर्वी १० लाखांची फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एकच हेल्थ पॉलिसी) घेताना एजंट म्हणाले फॉर्मवर शुगर लिहू नका, तीन वर्षांनी सगळं कव्हर होतं. आता आमचे डॉक्टर 'शुगर गेल्या वर्षी निघाली' असं लिहून द्यायला नाही म्हणतात, म्हणून डॉक्टर बदलावा वाटतंय."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देतो. तुम्हीच लिहिलंय की डॉक्टर ४०० घेतात आणि चौघांच्या मिळून वर्षाला पंधराएक चकरा होतात, म्हणजे ६,००० झाले. मिस्टरांच्या तीन महिन्यांच्या शुगरच्या टेस्ट, किडनी, कोलेस्टेरॉल वगैरे धरून ५,०००. झाले ११,०००. चौघांच्या चेकअपचे वर ६,००० धरले तरी १७,०००, आणि मुलांना दरवर्षी फुल बॉडी चेकअप कशाला हवं हे मला कुणी सांगितलेलं नाही. १५ टक्के सूट म्हणजे ५,००० वर ७५०. मेंबरशिप विकणाऱ्याने '८०डी मध्ये बसतं', म्हणजे हेल्थ इन्शुरन्सवरच्या इन्कम टॅक्सच्या सवलतीत बसतं, असंही सांगितलंय, तर तसं नाही, मेंबरशिपची फी म्हणजे इन्शुरन्सचा प्रीमियम नव्हे. जुन्या टॅक्स रिजीममध्ये चेकअपचे फार तर ५,००० धरता येतात, तेही ८०डी च्या एकूण लिमिटच्या आतच. मेंबरशिप घेऊ नका.

आता खरा विषय. एजंटने जे तीन वर्षांचं सांगितलं ते अर्धवट आहे आणि अर्धवट सांगून लोकांच्या घराची वाट लावतात याचा मला मनापासून राग येतो. आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो हे २०२४ पासून खरं आहे, पण तो फॉर्मवर लिहिलेल्या आजारासाठी. जे लिहिलंच नाही त्याला ही सवलत लागू होत नाही. दुसरा एक नियम आहे मोरॅटोरियमचा, सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण त्यातही सिद्ध झालेली फसवणूक वगळलेली आहे. तुमची झालीत जेमतेम दोन वर्षं. म्हणजे अजून तीन वर्षं कुणाला काहीच होणार नाही या आशेवर बसायचं, आणि वरून डॉक्टरांकडून खोटी तारीख लिहून घ्यायची, जी उद्या फसवणुकीचा पुरावा म्हणून तुमच्याच फाईलमध्ये सापडेल.

आणि खरी तारीख लपत नाही हो. अ‍ॅडमिट करताना ड्युटी डॉक्टर विचारतात शुगर कधीपासून, त्या घाईत घरातलं कुणीतरी खरं तेच सांगतं, 'सात वर्षं झाली', आणि ते केस पेपरवर उमटतं. मग कंपनी पहिलं प्रिस्क्रिप्शन मागते, जुने रिपोर्ट मागते. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, भरलेला प्रीमियम जप्त, आणि फ्लोटर असल्यामुळे तुमचं आणि मुलांचंही कव्हर त्यासोबत जातं. तुमचा प्रीमियम २६,०००, दोन वर्षांचे ५२,००० गेले, आणि समोर समजा ४ लाखांचं बिल. शिवाय नवीन पॉलिसीच्या फॉर्मवर आधीची रद्द झाली होती का हा प्रश्न असतोच.

म्हणून या आठवड्यात कंपनीला लेखी कळवा. एजंटमार्फत नको, थेट ईमेल, सोबत जुने रिपोर्ट आणि पहिल्या निदानाचा कागद. कंपनी लोडिंग म्हणजे जास्तीचा प्रीमियम लावेल, वेटिंग लावेल, किंवा अगदी वाईट म्हणजे पॉलिसी बंद करेल, हा धोका आहे आणि मी तो लपवणार नाही. पण आत्ता दोघं चालते-फिरते आहात, दुसरी कंपनी शोधता येते. आयसीयूच्या बाहेर बसून नाही येत. समजा २५ टक्के लोडिंग लागलं तर वर्षाला साडेसहा हजार. मेंबरशिपला २४,००० काढायची तयारी होतीच ना, त्यातून हे सहज निघतं. उरलेल्यातले महिन्याला हजार रुपये वेगळ्या आरडीत टाका, ते फक्त दवाखान्याचे.

पॉलिसी बंद झालीच तर नव्या कंपनीचा फॉर्म स्वतः भरा, एजंटला पेन देऊ नका. मिळालेली पॉलिसी ३० दिवसांत परत करता येते, तर त्या दिवसांत फॉर्मची कॉपी वाचून बघा, शुगरपुढे 'हो' आहे का ते.

आणि डॉक्टर. फॅमिली डॉक्टर निवडताना मी लोकांना विचारतो की दरवेळी तेच डॉक्टर तपासतात का, कागद नीट लिहितात का, स्पेशालिस्टकडे पाठवतात ते गरज पाहून की कट पाहून. हॉस्पिटलच्या ओपीडीत तुम्हाला दरवेळी वेगळा ड्युटी डॉक्टर भेटेल आणि सात वर्षांची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल. तुमच्या डॉक्टरांकडे ती सगळी लिहिलेली आहे, आणि नेहमीचा पेशंट नाराज होईल हे दिसत असूनही त्यांनी तारीख बदलली नाही. असा माणूस सोडून कुठे जाताय? कंपनीला पाठवायचा तो पहिल्या निदानाचा कागदही त्यांच्याचकडे मिळेल. उद्या जा, मिस्टरांना घेऊन जा, कशासाठी हवाय ते खरं सांगा. डॉक्टरांचं वय तुम्ही ६६ लिहिलंय, तर त्यांच्यानंतर क्लिनिक कोण बघणार आणि फाईल कुणाकडे राहणार हेही त्याच वेळी विचारून घ्या.