छातीत चोच खुपसलेला पक्षी

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत आजीने भरलेलं, वेदीपुढे सोडायचं वस्त्र सापडलं. मधोमध स्वतःच्याच छातीत चोच खुपसलेला पक्षी, खाली तीन पिल्लं, वर आय, एच, एस ही इंग्रजी अक्षरं. शेजारच्या काकी म्हणतात, बदक आहे. मला तसंच नवं भरायचंय. पक्षी कोणता आणि अक्षरं कसली?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : बदक नव्हे हो, पेलिकन! आपण झोळीवाला म्हणतो तो. पिल्लं भुकेने मरायला टेकली की ही आई छाती फोडून त्यांना रक्त पाजते, अशी फार जुनी समजूत. म्हणून ती ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण झाली आणि वेदीवर आली. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितांनी तर स्तोत्रात येशूलाच कनवाळू पेलिकन म्हटलंय. जुन्या भरतकामात त्याला झोळी सहसा नसतेच, मान हंसासारखी असते. तुम्ही झोळी जोडून आजीची चूक सुधारायला जाऊ नका.

अक्षरं ग्रीक नावावरून आली आहेत. येशूचं ग्रीक नाव 'इएसूस', त्याची ही पहिली तीन. मधलं एचसारखं दिसतं ते 'ईटा' हे ग्रीक अक्षर, जुना उच्चार लांबवलेला 'ए'. 'आय हॅव सफर्ड' असा चुकीचा अर्थ कुणी छातीठोकपणे सांगेल. मीही कितीतरी वर्षं मुलींना तोच शिकवला, आता काय बोलणार!

पिसं लांब-आखूड टाक्याने भरा. रक्ताचे थेंब मात्र जपून. एकदा मी स्वस्तातलं लाल रेशीम वापरलं आणि पहिल्याच धुण्यात आईसकट पिल्लं गुलाबी! फादर म्हणाले, "फ्लेमिंगो झाले की, शिवडीला सोडून या." तेव्हापासून लाल लडी ओली करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर वजनाखाली ठेवते. सकाळी फडक्यावर डाग दिसला, तर ती लडी घरच्या उशांच्या अभ्र्यांना.

आणि हात बसला म्हणून हाच पक्षी कॉर्पोरलवर, म्हणजे चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत ज्यावर प्याला आणि तबक ठेवतात त्या चौकोनी रुमालावर, भरू नका. त्याचा मधला भाग कोराच हवा, ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे पवित्र भाकरीचा, कण टाक्यांत अडकायला नको. पुढच्या काठाजवळ पांढऱ्या दोऱ्याने एक छोटा क्रूस, बस्स.